इन्स्टंट फिल्मवर घरचे आणि घराभोवतीचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं आमच्या चिपळूणच्या घरात एक इन्स्टॅक्स मिनी आणि एक पोलरॉइड, असे झटपट कागदावर फोटो देणारे दोन कॅमेरे आहेत. बारशाला, गणपतीत, आणि काहीच नसताना पडवीत चहा घेत बसलो असलो तरी त्यावर फोटो निघतात. ते फोटो हातोहात फिरतात आणि पाठोपाठ प्रश्न येतात. नातेवाइकांचे, त्यांच्या मित्रमंडळींचे, कधी एकदम अनोळखी माणसाचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

## सुरुवात करताना

१. इन्स्टंट फिल्म म्हणजे नेमकं काय? कॅमेऱ्यात छोटा प्रिंटर असतो का?

नाही. आत प्रिंटर नसतो आणि शाईही नसते. फोटोचं प्रत्येक कार्ड ही स्वतःच एक बंद डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली, असते. कार्डाची खालची पांढरी पट्टी बाकीच्या तीन बाजूंपेक्षा रुंद दिसते, कारण तिच्यात रसायनाच्या लगद्याची पुडी दडलेली असते. बटण दाबलं की फिल्मवर उजेड पडतो आणि कार्ड दोन रुळांमधून, चरकातून ऊस निघावा तसं, पिळून बाहेर येतं. पुडी फुटते, लगदा थरांच्या मध्ये सारखा पसरतो आणि फोटो धुवायला सुरुवात होते. पूर्वी रोल धुवायला टाकून आठवडाभर थांबायचो, तेच काम इथे हातातल्या कार्डात होतं. इन्स्टॅक्सला साधारण ९० सेकंद लागतात, पोलरॉइडच्या रंगीत फिल्मला १० ते १५ मिनिटं.

२. मोबाईलवर हजारो फोटो फुकट निघतात. मग यात पैसे का घालायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या आईच्या फोनमध्ये नातवंडांचे शेकडो फोटो आहेत. त्यातले ती क्वचितच उघडून बघते. पण धाकट्या नातवाचा पहिल्या दिवाळीतला इन्स्टॅक्स फोटो तिच्या पोथीत खूण म्हणून आहे, आणि तो ती रोज सकाळी बघते. फोनमधला फोटो शोधावा लागतो. हा मात्र वस्तू म्हणून घरात राहतो. फ्रिजवर, आरशाच्या कडेला, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला असतो आणि येता-जाता दिसतो.

दुसरी गोष्ट त्या ९० सेकंदांची. कार्ड बाहेर आलं की घरातली सगळी डोकी त्याच्यावर एकत्र येतात. आधी डोळे दिसतात की कपाळावरचं कुंकू, यावर मुलं पैज लावतात. मोबाईलचा फोटो काढून झाल्यावर माणसं पांगतात, इथे ती जवळ येतात. मला या फिल्मचं वेड लागलं ते यामुळेच.

तिसरी गोष्ट म्हणजे फोटो तिथल्या तिथे देऊन टाकता येतो. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचा फोटो मी पायरीवर काढला आणि उमटल्यावर त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो पदराला पुसून बटव्यात ठेवला. दोन वर्षांनी त्याच बटव्यातून काढून दाखवला, कडा मऊ झालेल्या, चेहरा स्वच्छ. शंभर लोकांनी फोनवर "पाठवा हां" म्हटलं असेल, पण आपण पाठवायचं विसरतो. इथे विसरायला जागाच नाही.

३. पोलरॉइड आणि इन्स्टॅक्स एकच का? हे सुरू कधी झालं?

एकच नाही. कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो तसं कुठल्याही झटपट फोटोला पोलरॉइड म्हटलं जातं. पोलरॉइड हे मूळचं एका अमेरिकन कंपनीचं नाव. इन्स्टॅक्स जपानच्या फुजीफिल्मचं, १९९८ पासूनचं. एकाची फिल्म दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात चालत नाही.

सुरुवातीची हकिगत मला फार आवडते, कारण ती घरातलीच आहे. डिसेंबर १९४३ मध्ये पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड कुटुंबाबरोबर अमेरिकेतल्या सान्ता फे इथे सुट्टीवर होते. त्यांनी तीन वर्षांच्या लेकीचा फोटो काढला आणि तिने विचारलं, मला तो आत्ता का बघता येत नाही? २१ फेब्रुवारी १९४७ ला लँड यांनी न्यूयॉर्कमध्ये झटपट फोटोचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि २६ नोव्हेंबर १९४८ ला बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. ते फोटो तपकिरी छटेचे असत आणि वरचा कागद सोलून काढावा लागे. कार्ड आपोआप बाहेर येऊन डोळ्यांसमोर उमटू लागलं ते १९७२ च्या एसएक्स-७० या कॅमेऱ्यापासून.

२००८ मध्ये पोलरॉइडने फिल्म बनवणं थांबवलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथल्या कारखान्याची यंत्रं काही ध्यास घेतलेल्या लोकांनी विकत घेतली, रसायनं पुन्हा नव्याने जुळवली आणि २०१० पासून फिल्म विकायला सुरुवात केली. आज पोलरॉइडच्या नावाने मिळते ती त्याच वंशातली फिल्म.

४. घरासाठी कोणता आकार घेऊ?

इन्स्टॅक्स मिनीचं कार्ड ८६ × ५४ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या एटीएम कार्डाएवढं, आणि त्यातलं चित्र ६२ × ४६. इन्स्टॅक्सच्याच स्क्वेअर या प्रकाराचं चित्र ६२ × ६२, वाइडचं ६२ × ९९. तिन्हींच्या पॅकमध्ये १० फोटो असतात. पोलरॉइडचं चित्र साधारण ७९ × ७९ मिलिमीटर आणि पॅकमध्ये ८ फोटो.

माझं मत सांगते. पहिलाच कॅमेरा असेल आणि घरात चार-पाच माणसं असतील तर मिनी. फोटो पाकिटात मावतो, फिल्म सहज मिळते, मुलंही वापरतात. एकत्र कुटुंब असेल किंवा घर-अंगण-झाडं टिपायची असतील तर वाइड घ्या, कॅमेरा बोजड असला तरी. पोलरॉइडचे रंग मऊ, थोडे जुन्या साडीसारखे विटके असतात. ज्यांना ते आवडतात त्यांना दुसरं काही आवडत नाही. पण उष्ण हवेत ती फिल्म सांभाळावी लागते (प्रश्न १२).

५. एका फोटोला किती खर्च येतो?

भाव बदलत राहतात. पॅकच्या किमतीला फोटोंच्या संख्येने भागा. मिनीचा एक फोटो साधारण एका मिसळीच्या प्लेटीएवढा पडतो, पोलरॉइडचा त्याच्या दोन-तीन पट. आमच्या घरी महिन्याला एक पॅक असं ठरलेलं आहे. दहा फोटोंत महिना बसवायचा म्हटलं की बटण दाबण्याआधी माणूस नीट बघतो.

६. पॅक टाकला आणि पहिलं कार्ड पूर्ण काळं आलं. फिल्म खराब आहे का?

नाही, ते फिल्मवरचं काळं झाकण आहे. नवा पॅक टाकल्यावर सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. इन्स्टॅक्समध्ये पॅक टाकताना कॅमेऱ्यावरची पिवळी खूण आणि पॅकची पिवळी खूण जुळवा, आणि पॅकच्या मागच्या दोन चौकोनी भोकांना बोट लावू नका. एवढं पाळलं की पुरे.

७. फोटो बाहेर आल्यावर हलवायचा असतो ना?

हलवायचा नसतो. जुने सोलून काढायचे फोटो ओले असत, ते वाळावेत म्हणून लोक हलवत. ती सवय हातात राहिली. आताच्या फोटोत सगळं बंद थरांच्या आत असतं, वाळवायचं काही नसतं. उलट हलवताना किंवा वाकवताना थर सुटून डाग पडू शकतात. पोलरॉइडचं कार्ड बाहेर येताच उजेडापासून जपा आणि पालथं ठेवा. इन्स्टॅक्स नुसतं सावलीत धरलं तरी चालतं.

## घरची माणसं

८. आजी-आजोबा कॅमेरा दिसला की ताठ बसतात, हसू जातं. काय करू?

त्यांच्या तरुणपणी फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, इस्त्रीचे कपडे घालून, श्वास रोखून काढायची गोष्ट होती. त्यामुळे त्यांचा ताठपणा हा फोटोला दिलेला मान आहे, तो मोडायला जाऊ नका. पहिला फोटो त्यांना हवा तसा, ताठ बसूनच काढा. तो उमटत असताना त्यांच्या हातात द्या. ते बघण्यात रमतात, चष्मा वर करतात, एकमेकांना दाखवतात. दुसरा फोटो तेव्हा काढा. आमच्या आजेसासूबाईंचा सगळ्यात सुंदर फोटो असा मिळाला आहे: त्या स्वतःचाच फोटो बघताहेत आणि आजोबा बाजूने डोकावताहेत.

हातात काम असलं की माणूस कॅमेरा विसरतो, हेही लक्षात ठेवा. फणस चिरताना, वाती वळताना, विळीवर नारळ खवताना. दिवसाच्या उजेडात पडवीत किंवा दाराशी बसवा.

९. घरात काढलेल्या फोटोंत चेहरे पांढरेफटक येतात आणि मागचं सगळं काळं. का?

फ्लॅशमुळे. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. माणूस अर्ध्या मीटरवर आणि भिंत चार मीटरवर असेल तर चेहऱ्यावर भडिमार होतो आणि भिंतीपर्यंत काहीच पोचत नाही. मिनी ११ आणि १२ यांसारख्या साध्या कॅमेऱ्यांत फ्लॅश बंद करता येत नाही. म्हणून माणसाला भिंतीच्या जवळ आणा आणि तुम्ही दीड मीटरभर मागे जा. खिडकीशेजारी दिवसा काढलेला फोटो तर जवळजवळ बिघडतच नाही. मिनी ९० किंवा पोलरॉइड नाऊ यांत फ्लॅश बंद करायची सोय आहे.

या फिल्मला खूप उजळ आणि खूप गडद एकाच वेळी पेलत नाही. पांढरं धोतर किंवा फिकी सुती साडी उन्हात असेल तर कापडाचा पोत उडतो. सावलीत बसवा.

१०. सगळं कुटुंब एका फोटोत मावत नाही.

मिनीच्या फ्लॅशचा पल्ला साधारण २.७ मीटर आहे. रात्री त्यापेक्षा मागे गेलात तर मंडळी अंधारात जातात. त्यामुळे मोठा गट दिवसाच काढा, अंगणात, एका बाजूने सावली असेल तिथे. तीन ओळी करा: मुलं खाली, वडीलधारी खुर्चीत, बाकीचे मागे. तरीही पंधरा माणसं मिनीवर घेतली तर एकेकाचं तोंड तांदळाएवढं येतं.

आम्ही गणपतीला वेगळं करतो. एकच मोठा फोटो काढायच्या ऐवजी जोडीजोडीने काढतो: आत्या आणि तिची नात, दोन जावा, काका आणि त्यांचा कुत्रा. मग दहाही फोटो सतरंजीवर मांडतो. त्या मांडणीत कुटुंब जितकं दिसतं तितकं गटफोटोत दिसत नाही.

११. बाळाचा जवळून फोटो काढला तर धूसर येतो आणि बाळ कडेला सरकतं.

धूसर, कारण मिनी नेहमीच्या स्थितीत ५० सेंटिमीटरच्या आत नीट टिपत नाही. मिनी ११ किंवा १२ मध्ये भिंगाची नळी आणखी पुढे ओढली की ३० ते ५० सेंटिमीटरवरून काढता येतं. सरकतं, कारण तुम्ही बघता ती खिडकी भिंगाच्या शेजारी आहे. लांबून फरक पडत नाही, जवळून खूप पडतो. एक-दोन फोटो वाया घालवून तुमचा कॅमेरा किती सरकवतो ते समजून घ्या आणि तेवढी भरपाई आधीच करा.

बाळाचा फोटो बाळाच्याच हातात देऊ नका. कडा चावून फाटल्या तर आतला अल्कलीयुक्त लगदा बाहेर येतो आणि तो त्वचेला आणि डोळ्यांना जाळणारा असतो. लागलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात किंवा तोंडात गेला तर धुऊन सरळ डॉक्टरकडे जा. याच कारणासाठी फोटो कात्रीने कापूही नये.

## घराभोवतीचा परिसर

१२. उन्हाळ्यात फोटो पिवळट-तांबूस येतात, थंडीत निळसर आणि फिके. कॅमेरा बिघडला का?

कॅमेरा ठीक आहे, रसायनाला हवा लागते ती तशी. पोलरॉइड फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये चांगली उमटते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ती मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून पोलरॉइड सकाळी किंवा सूर्य उतरल्यावर वापरा आणि फोटो उमटेपर्यंत घरातल्या फरशीवर पालथा ठेवा. जुन्या घरातली शेणाने सारवलेली जमीन त्याहून गार असते. थंडीत महाबळेश्वरला गेलात तर उलट करा: कार्ड बाहेर येताच स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. इन्स्टॅक्स ५ ते ४० अंशांपर्यंत चालते, तरी टोकाला रंग थोडे हलतातच.

न वापरलेली फिल्म फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा, फ्रीझरमध्ये कधीही नाही. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा आणि पाकीट तेव्हाच फोडा, नाहीतर दमट हवेत आत पाणी धरतं. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला पॅक गेलाच म्हणून समजा.

१३. सह्याद्रीचा देखावा काढला, तर डोंगर म्हणजे एक राखाडी पट्टा आला.

ही फिल्म दूरच्या देखाव्यांसाठी नाही. चित्र छोटं, बारकावे कमी, आकाश पटकन पांढरं होतं. डोंगराच्या आधी जवळचं काहीतरी घ्या: कुंपणावरची गोधडीची घडी, बैलगाडीचं चाक, भाताच्या बांधावर उभी असलेली बहीण. सूर्य पाठीमागे ठेवा. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर लाल माती आणि चिऱ्याच्या भिंती फार सुंदर येतात.

ती खरी खुलते हाताच्या अंतरावरच्या गोष्टींवर. तुळशीवृंदावन, चुलीजवळचा काळवंडलेला कोपरा, दाराबाहेरच्या चपलांची रांग, पागोळ्यांखाली ठेवलेली कळशी. आंद्रे केर्तेस हे मोठे छायाचित्रकार पत्नीच्या १९७७ मधल्या निधनानंतर, वयाच्या ऐंशीच्या पुढे, न्यूयॉर्कमधल्या घरात पोलरॉइड घेऊन बसले आणि खिडकीतल्या एका काचेच्या छोट्या पुतळीचे, तिच्यात पडणाऱ्या उजेडाचे फोटो काढत राहिले. त्या आकारात त्यांना पत्नीची आठवण दिसे. तुमच्या खिडकीतही असं काहीतरी असेल.

१४. रोज एक फोटो काढायचा संकल्प करू का?

करा, पण आधी आठवड्याला एक करून बघा. जेमी लिव्हिंग्स्टन या अमेरिकन माणसाने ३१ मार्च १९७९ पासून रोज एकच पोलरॉइड काढला, तो थेट २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, आपल्या मृत्यूच्या दिवसापर्यंत. सहा हजारांहून जास्त फोटो. त्यांत मित्र, जेवणं, रस्ते, आणि शेवटी आजारपण. मी दर रविवारी दारातल्या आंब्याचा फोटो काढते. मोहोर, कैऱ्या, पानगळ, वानरं. पन्नास फोटो एका ओळीत लावले की वर्ष दिसतं.

१५. दिवाळीत आकाशकंदील आणि पणत्यांचा उजेड कसा टिपू?

पूर्ण काळोख व्हायच्या आधी, आकाशात निळसरपणा असतानाच काढा. मिनी १२ कमी उजेडात शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं ठेवते, त्यामुळे कॅमेरा ओट्याच्या कठड्यावर टेकवा आणि श्वास धरून बटण दाबा. फ्लॅशने जवळच्या माणसांचे चेहरे येतील आणि मागचे दिवेही. फक्त पणत्यांच्या उजेडातला चेहरा हवा असेल तर फ्लॅश बंद होणारा कॅमेरा लागेल (प्रश्न ९).

१६. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोखाली आईला उभं केलं, तर फ्रेमच्या काचेत फक्त फ्लॅशचा गोळा आला.

समोरून काढू नका. फ्लॅश काचेवरून तसाच परत येतो. एक-दोन पावलं बाजूला व्हा आणि तिरक्या कोनातून काढा, म्हणजे परतणारा उजेड दुसरीकडे जाईल. आणखी चांगलं म्हणजे तो फोटो भिंतीवरून उतरवून आईच्या मांडीवर द्या, किंचित खाली झुकवून. हात दिसले की अशा फोटोला वेगळीच माया येते. आरसे, स्टीलचे डबे, देवघरातली चांदी यांनाही हाच नियम.

## बिघाड, जतन आणि अडचणीचे प्रसंग

१७. पॅक संपायच्या आधी चुकून मागचं दार उघडलं. सगळे फोटो गेले?

लगेच बंद केलंत तर सगळे नाही. वरचे एक-दोन बहुतेक जातील, खालच्यांच्या फक्त कडांना पांढरा किंवा नारिंगी डाग येईल. वरचे झाडा-पानांवर खर्च करा आणि माणसांसाठी शेवटचे राखा.

१८. प्रत्येक फोटोत ठरावीक अंतरावर तोच डाग येतो.

रुळांवर लगदा वाळून बसला आहे. पोलरॉइडमध्ये पॅक बदलताना किंचित ओल्या मऊ कापडाने रूळ फिरवत पुसा, वाळू द्या. नखाने खरवडू नका.

१९. विमानाने जाताना फिल्म कशी न्यावी? अमेरिकेतल्या भावाला आणायला सांगू का?

न वापरलेली फिल्म चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नका, तिथली क्ष-किरण यंत्रं जास्त जोरदार असतात. हातातल्या सामानात, वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवा आणि सुरक्षा तपासणीत हाताने तपासायची विनंती करा. ती मान्य होईलच असं नाही. नव्या सीटी स्कॅनरमधून मात्र जाऊ न देण्याचा आग्रह धरा, कारण इन्स्टॅक्स ८०० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेडाला फिल्म किती संवेदनशील त्याचं माप) आणि पोलरॉइडची ६४० ची, म्हणजे दोन्ही संवेदनशील. काढून झालेल्या, उमटलेल्या फोटोंना काही होत नाही.

भावाकडून मागवणं पोलरॉइडसाठी उपयोगाचं आहे. मिनीची फिल्म इथे मिळतेच. त्याला वरचा परिच्छेद नक्की पाठवा.

२०. माळ्यावर जुना पोलरॉइड सापडला. चालेल का?

आखाती देशांत नोकरी केलेल्या कुणाकुणाच्या घरात असे कॅमेरे निघतात. खालच्या बाजूला ६०० लिहिलेलं असेल तर आशा धरा. ६०० ची फिल्म अजून बनते आणि तिची बॅटरी पॅकमध्येच असते, त्यामुळे कॅमेरा तीस वर्षं पडून होता तरी बिघडत नाही. आय-टाइप नावाचा स्वस्त पॅक मात्र घेऊ नका, त्यात बॅटरी नसते आणि जुना कॅमेरा त्यावर चालणार नाही. एसएक्स-७० साठी त्याच नावाची वेगळी फिल्म मिळते. कागद सोलायचा जुना प्रकार असेल तर अवघड आहे: त्यात चालणारी फुजीची शेवटची फिल्म २०१६ मध्ये बंद झाली.

कॅमेऱ्यात जुना पॅक अडकलेला असेल तर फेकण्याआधी काळजीने बघा. आमच्या एका परिचितांकडे त्यात वडिलांनी काढलेला एक फोटो रुळांपाशी अडकून राहिला होता.

२१. फोटो किती वर्षं टिकतात? लॅमिनेशन करून घेऊ का?

लॅमिनेशन नको. त्या यंत्राची उष्णता थरांना बाधते. उन्हात टांगलेला फोटो काही वर्षांत फिका पडतो, अल्बममध्ये अंधारात ठेवलेला खूप टिकतो. पोलरॉइड मात्र काढल्यावर महिनाभर मोकळ्या हवेत वाळू द्या, मगच बंद अल्बममध्ये घाला. चिकटपट्टी फोटोला लावू नका, कागदी कोपरे वापरा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बुरशीचा धोका असतो. अल्बम भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दसऱ्याला उघडून वारा द्या.

नाव आणि तारीख पांढऱ्या पट्टीवर न पुसणाऱ्या मार्करने लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की समोर वळ उठतात.

२२. निगेटिव्ह नसते, मग दुसरी प्रत कशी काढायची?

स्कॅन करा, आणि फोटो नवा असतानाच करा. फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, पुरेसं आहे. मिनीच्या चित्राचे त्यातून साधारण १४६५ × १०८७ पिक्सेल मिळतात. गुळगुळीत फोटो काचेला चिकटून इंद्रधनुषी वलयं येत असतील तर कडेने पातळ कार्डशीटची चौकट ठेवून फोटो केसभर उचला. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, फोन फोटोला समांतर धरून थोडं मागून झूम करून काढा. तुमच्या मागे काळी चादर धरली की चकाकी जाते. इन्स्टॅक्सचा लिंक प्रिंटर (फोनमधला फोटो इन्स्टॅक्स फिल्मवर काढणारा) असेल तर ती प्रत पुन्हा त्याच फिल्मवर काढता येते.

२३. फोटो पाण्यात भिजले. काही करता येईल का?

जुलै २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं, म्हणून याचं उत्तर मला अनुभवातून देता येतं. लग्नाच्या अल्बममधले कागदी फोटो एकमेकांना चिकटून गठ्ठा झाले, सोडवताना चेहरे निघून आले. इन्स्टॅक्सचे फोटो प्लॅस्टिकच्या दोन थरांत बंद असल्यामुळे पुष्कळ वाचले. कडांतून पाणी शिरलेले गेले.

आम्ही केलं ते असं: चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या पसरट ताटात एकेक फोटो धुतला, घासला नाही. जुन्या सुती धोतरावर चित्र वर करून पसरला आणि पंख्याखाली दोन दिवस वाळवला. ऊन दाखवलं नाही, इस्त्री किंवा हेअर ड्रायर लावला नाही. वाळल्यावर लगेच स्कॅन केले (प्रश्न २२), कारण आत ओल राहिलेले फोटो पुढच्या महिन्यांत डागाळतात. आमचे चार तसे डागाळले.

२४. फोटो एकच आणि मागणारे तिघं. तुम्ही काय करता?

आमच्या घरात नियम आहे: फोटोत जो आहे त्याचा फोटो. काढणाऱ्याचा हक्क नाही. दोघं असतील तर वयाने मोठ्याचा. महत्त्वाचा प्रसंग असेल तर पहिल्यापासूनच दोन काढते, एक त्यांना आणि एक घराच्या डब्यात. दोन्ही सारखे येत नाहीत, आणि ते मला आवडतं.

अपवाद एकदाच केला. आत्याचा विहिरीपाशी हसतानाचा फोटो तिच्याकडेच होता. ती गेल्यावर तिच्या लेकीने आणि सुनेने दोघींनी तो मागितला. शेवटी तो सुनेकडे राहिला, कारण विहीर तिच्या दारात आहे, आणि लेकीसाठी मी त्याची प्रत काढून पांढऱ्या पट्टीवर आत्याच्याच जुन्या पत्रातून बघून तिच्या अक्षरासारखं तिचं नाव लिहून दिलं. दर मे महिन्यात लेक माहेरी येते तेव्हा दोघी फोटो शेजारी शेजारी ठेवून बघतात.